दीनाला ताप आला त्या दुपारी

देवळाली प्रवरा,
रविवार, उपासनेहून आल्यावर

प्रिय सिल्व्हिया,

सलाम. हे पत्र रमीजच्या हाती देतो आहे. आपल्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या रोशनबींचा रमीज, तुमच्या मस्कतलाच एसीच्या कामावर आहे तो. त्याची सुट्टी संपली, परवा निघतो. रोशनबींनी त्याच्या बॅगेत लोणचं आणि चटण्या इतक्या कोंबल्यात की एका पाकिटापुरती जागा उरली हीच देवाची दया. तू हसशील. रोज फोन होतो आणि हा बाबा कागद-पेन घेऊन बसला! आपलं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मी तुला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत, तेव्हा तुझ्या भावाने विचारलं होतं की जावई मुका तर नाही ना. पण काय होतं, तू फोनवर म्हणतेस, 'नेमकं काय झालं ते पहिल्यापासून सांगा.' मी सांगायला लागलो की तुझा आवाज बदलतो. तो ऐकून माझाही बदलतो. मग आपण दोघं 'जेवलात का, काय भाजी होती' यावर येऊन थांबतो. कागदाला रडू येत नाही, म्हणून त्याला सांगतो.

आधी एवढं वाच आणि मग पुढे जा : दीना बरी आहे. ताप उतरला, पुन्हा चढला नाही. काल तिने शेजारच्या बनुबाईंच्या ताटातली भाकरी खाल्ली आणि आपल्या ताटातली कोंबडीला घातली. म्हणजे अक्कल शाबूत आहे, तुझ्याकडची आहे.

तू जे पाहिलंस ते फोनच्या चौकटीतलं पाहिलंस. त्याच्या आधीचं तुला माहीत नाही. त्या दिवशी सकाळपासूनच ती किरकिर करत होती. बिस्कीट दिलं तर फेकलं, घरापुढच्या दुकानातल्या तारांची रिळं ओढायची तिची रोजची मस्तीही नव्हती. मी म्हटलं, ऊन आहे, लोळू दे. आठवड्यात लाईट इतकी कमी-जास्त झाली की अर्ध्या शिवारातल्या पाण्याच्या मोटारी जळाल्या, माझ्या दारात दुरुस्तीला रांग लागलेली. ऊस वाळतो म्हणून जो तो माझ्या डोक्यावर बसलेला. त्यातही मी दोनदा उठून तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं. म्हणजे मला गार लागलं.

माझ्या हाताचं तुला काय सांगू? जळकी कॉइल गॅसवर तापवून ओढून काढायची, गरम व्हार्निशमध्ये बोटं घालायची, असं करत इतकी वर्षं गेली की तळव्याचं पार पायताण झालंय. लग्नानंतर तूच एकदा म्हणाली होतीस, तुमच्या हाताला पाणी गरम का गार तेही कळत नाही. तेव्हा मी ते कौतुक समजलो होतो. चालू मोटारीच्या अंगावर हात ठेवून ती जळणार का टिकणार हे मी सांगतो, लोक वाखाणतात. तोच हात पोरीच्या कपाळावर ठेवला आणि तुला फोनवर सांगितलं, मजेत आहे. थर्मामीटर तू कपाटाच्या वरच्या खणात ठेवून गेली होतीस, तो तिथेच होता. हात असताना थर्मामीटर कशाला, ही आमची हुशारी.

दुपारी बनुबाई तिला न्यायला आल्या. तुला त्यांची सवय माहीत आहे, आधी पोरीला उचलून छातीशी धरणार, मग माझ्याशी बोलणार. त्यांनी उचललं आणि तिथेच ओरडल्या, "आरं यशा, पोरगी चुलीवानी तापलीया! आन् तू म्हंतो काई न्हाई? हात हाय का लाकूड?" मी पळत जाऊन थर्मामीटर आणला. एकशे तीनच्या वर गेला तेव्हा मी तो झटकून पुन्हा लावला, जशी काही चूक त्याचीच. दुसऱ्यांदाही तेच.

मग तुला फोन लावला. तू ड्यूटीवर होतीस तरी उचललास. मागे सलाईनचे स्टँड दिसत होते. तू मुलांच्या वॉर्डात, तुझ्या हाताखालून रोज किती ताप जात असतील! तुझा आवाज एकदम शांत झाला आणि प्रश्न सुरू झाले. पाणी पिते का? लघवी केली का? अंगावर पुरळ आहे का? मान वळवते का? मी "हो सिस्टर, नाही सिस्टर" करत गेलो. खरंच म्हणालो मी सिस्टर, तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही. दीना माझ्या कडेवर होती. फोन पाहिला की ती एरवी कशी करते ते तुला ठाऊकच आहे. तिच्या लेखी 'आई' म्हणजे हा मोबाईलच. त्याला पापे घेते, बिस्कीट भरवते, एकदा तर त्याला दुपटं पांघरून थोपटत बसली होती. त्या दिवशी तिने फक्त मान टेकवली आणि तुझ्याकडे पाहत राहिली.

तू म्हणालीस, तापाचं औषध वजनावर द्यायचं असतं, वजन किती आहे तिचं? मला कुठलं माहीत? मला वाटलं तू सांगशील. तू म्हणालीस, "मी निघाले तेव्हा..." आणि तूही गप्प झालीस. सिल्व्हिया, ते जे काही क्षण आपण दोघं गप्प होतो ना, ते माझ्या छातीवर अजून बसून आहेत. तू निघालीस तेव्हा ती नुसती रांगत होती. आता ती पळते. तिचं वजन तिच्या आईला माहीत नाही, बापाला माहीत नाही, आणि दोघांचाही त्यात काय दोष?

माझ्या दुकानात तांबं तोलायचा काटा आहे. तारांची रिळं बाजूला सारून तिला त्याच्या ताटलीवर बसवली. बाहेर मोटारीची वाट बघत सहादेव बसला होता, चिखलठाण वस्तीवरचा ऊसवाला. तो म्हणाला, "पोरीला तोलतो व्हय रं? बाजाराला न्यायची का काय?" मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि उठून तिला पाठीमागून आधार द्यायला आला. तिने हलू नये म्हणून मी चुटक्या वाजवल्या, तारेचं कडं केलं, तोंडं वेडीवाकडी केली. काट्यावरचा आकडा नाचतच होता. मग ती थकली आणि मान खाली घालून निमूट बसली. ती शांत बसली म्हणून आकडा ठरला, आणि ती शांत बसली याचीच मला भीती वाटली. तुला आकडा सांगितला. तू तोंडातल्या तोंडात हिशेब केलास आणि किती द्यायचं ते सांगितलंस. मी पिचकारीने गालाच्या आत सोडलं, तू सांगितलंस तसं. तिने गिळलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं माझ्या शर्टावर ओकली.

शर्ट बदलून येतो तोवर बनुबाईंनी तिला गोधडीत गुंडाळून वर खिडकी लावून घेतली होती. त्यांचं म्हणणं, घाम फुटला की ताप पळतो. तू फोनमधून ओरडलीस, काढा ती गोधडी. बनुबाईंना राग आला. "माझी पाच ह्याच गोधडीत वाढली, सिल्व्हिया. एक तरी मेलं का?" मी एकदा फोनकडे, एकदा त्यांच्याकडे. एकीने नर्सिंग शिकलेलं, दुसरीने रोज माझी पोर सांभाळलेली. मी कुणाला गप्प करू? शेवटी गोधडी काढली, खिडकी उघडली, झबलंही काढलं. बनुबाई तोंड फिरवून बसल्या, पण गेल्या नाहीत. औषध पुन्हा दिलं, या वेळी थेंब थेंब. ते पोटात राहिलं.

मग तू म्हणालीस, कोमट पाण्याने अंग पुसा, गार नको, बर्फ तर नकोच. मी बादलीत गरम ओतलं, गार ओतलं, हात घातला. कोमट म्हणजे किती, ते या हाताला कोण सांगणार? मी तसाच उभा राहिलो बघ, ओला हात घेऊन. आयुष्यात मला एवढं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं. बनुबाईंनी फिरवलेलं तोंड परत वळवलं, बादलीत कोपर बुडवलं, एक तांब्या गार घातलं आणि म्हणाल्या, "आता पुस." फोन मी पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला, तुला सगळं दिसावं म्हणून. तेच चुकलं का, कोण जाणे. तुला काही दिसलंच नसतं तर बरं झालं असतं का?

मी तिची पाठ पुसत होतो आणि माझ्या हाताखाली ती एकदम ताठ झाली. आधी मला वाटलं, गार लागलं. मग डोळे वर गेले, बुबुळंच दिसेनात. हात-पाय झटके द्यायला लागले, ओठ निळे पडले, तोंडाच्या कडेला फेस आला. मी तिचं नाव घेत होतो की प्रभूचं, आठवत नाही. बनुबाई धावत चमचा घेऊन आल्या, "दातखीळ बसली, दातात घाल, जीभ चावंल!" सहादेव दारातून आत आला, पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावायला निघाला. कुणी कांदा फोडला. आणि पिठाच्या डब्यापाशी तू. इतक्या वर्षांत तू मला कधी 'अहो'खेरीज हाक मारली नाहीस. त्या दिवशी तू किंचाळलीस, "अरे, कुशीवर कर तिला! तोंडात काही घालू नको! धरून ठेवू नको, अरे ऐक ना!" मला सगळं ऐकू येत होतं आणि हात चालत नव्हते. मग कसे चालले कुणास ठाऊक, मी तिला कुशीवर वळवली, बनुबाईंचा हात झटकला, चमचा फरशीवर पडला. त्यानंतर फक्त बघत बसायचं होतं. तू म्हणत होतीस, "थांबेल, आपोआप थांबेल, घड्याळ बघ." घड्याळ भिंतीवर होतं, मी पाहिलंही, पण मला काटे कळेनात.

आणि तेवढ्यात तुझं चित्र अडकलं. तोंड उघडं, डोळे मोठे, एक हात कॅमेऱ्याच्या दिशेने आलेला. आवाज नाही. तिकडे तुला काय दिसत राहिलं मला माहीत नाही. तू अजून सांगितलं नाहीस आणि विचारायची माझी छाती होत नाही.

झटके थांबले. ती सैल पडली, मग घुसमटत श्वास घेतला. एक एक रंग परत आला. डोळे उघडले, पण ते कुठे बघत होते देव जाणे, मी समोर असून मी त्यांत नव्हतो. बनुबाई रडत होत्या, सहादेव एका पायात चप्पल घालून रिक्षा आणायला पळाला होता. तिने मान वळवली, आणि तेवढ्यात रेंज आली. फोनमधून तुझा आवाज फुटला, "दीना! दीना! दीना, इकडे बघ! अरे कुणीतरी बोला!" पहिला शब्द तिने तो ऐकला. तुझा तो अडकलेला, मग एकदम हललेला चेहरा तिने पाहिला आणि ती रडली. मोठ्याने, अंग चोरून रडली. मला इतका आनंद झाला, सिल्व्हिया! रडते म्हणजे जिवंत आहे. मी फोन उचलून तिच्या अगदी तोंडाजवळ नेला, बघ बाळा, आई. ती आणखी रडली. मी म्हटलं, रड, रड.

पुढचं तुला ठाऊक आहे. बन्सीची रिक्षा, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, तापातला झटका आहे, या वयात काही मुलांना येतो, घाबरू नका, डोक्यावर परिणाम होत नाही. तोंडात काही घातलं नाही हे चांगलं केलं म्हणाले. बनुबाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांची चूक नव्हती ती, त्यांच्या आईने त्यांना जे केलं तेच त्या करायला धावल्या. तूही रात्री म्हणालीस, आमच्या वॉर्डात असे रोज येतात, साधी गोष्ट आहे. असं म्हणताना तुझ्या पोशाखाचं बटण तू इतकं पिळत होतीस की ते तुटलं.

पण डॉक्टर असंही म्हणाले की पुढे ताप आला तर पुन्हा येऊ शकतो. तेव्हापासून माझं काय झालंय ते सांगू का? मोटार जळाली तर मी उघडून बघतो, कुठली कॉइल गेली ते बोटाने दाखवतो. हिला कुठून उघडू? ती शिंकली की माझ्या हातातली पक्कड पडते. हातावर भरवसा नाही म्हणून दिवसातून शंभरदा तिच्या कपाळाला गाल लावतो. तिला दाढी टोचते, ती चापट मारते. थर्मामीटर शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतो, गिऱ्हाइकांना वाटतं टेस्टर आहे. पाळकसाहेबांनी आज उपासनेत दीनाचं नाव घेऊन प्रार्थना केली, सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली, आणि मी त्या वेळी तिचा गाल माझ्या गालाला लागतो का ते बघत होतो. देव मला क्षमा करो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते लिहितो. गेले काही दिवस तू फोन केलास की मी सांगतो, दीना झोपली आहे. कधी सांगतो, बनुबाईंकडे आहे, कधी म्हणतो, रेंज नाही. ती झोपलेली नसते, सिल्व्हिया. फोन वाजला की ती खाटेखाली जाते आणि कानांवर हात ठेवते. मला वाटलं रिंगच्या आवाजाला भीत असेल, ती बदलली. मग एकदा तुझी जुनी अंगाई होती ना, तू म्हणून रेकॉर्ड करून पाठवलेली, ती अगदी हळू लावली. ती थरथरली आणि बनुबाईंच्या पदरात शिरली, घामाघूम झाली. मी कुणावर रागावू? तू हाक मारलीस म्हणून? आईने दुसरं काय करायचं असतं? भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट करून ती अजून 'आई' म्हणते, रोज म्हणते. फोनमधली तेवढी तिला नको आहे. तुला विमानात बसवलं तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की आपण तुला कधी 'ये' म्हणायचं नाही, ही नोकरी तुझ्या कष्टाची आहे, तुला हवी होती. नाताळला रजा नाही म्हणालीस, तरी पुन्हा मागून बघ. नाहीच मिळाली तर काय करायचं ते मला समजत नाही, तूच सांग, मी करीन. पण येशील तेव्हा एवढं ऐक. दारातून तिला हाक मारू नकोस. धावत येऊन उचलू नकोस, कितीही वाटलं तरी. पायरीवर बस, बनुबाईंशी बोल, हळू आवाजात, काहीही बोल, भावकीचं, भाजीचं. ती आधी माझ्या पायामागून बघेल. मग जराशी पुढे येईल, परत पळेल. तू तिच्याकडे पाहू नकोस, हात पुढे करू नकोस. तिला किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. तिने स्वतःहून तुला बोट लावेपर्यंत तशीच बसून राहा.

तिथे तुम्हा दोघींच्या मधे बसून राहणारा,
तुझाच
यशया